रिकाम्या पेटीची वही

“म्हणजे बाई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?”

केळुसकर बाई चहा गाळत होत्या, आणि चहा गाळताना बोलायचं नाही हा त्यांचा जुना नेम होता.

विश्वजित माळवदे उभाच होता. हातात बावीस पानांचा शोधनिबंध. शेवटच्या पानावर दोन सह्यांच्या जागा. एक त्याची, झालेली. दुसरी बाईंची, व्हायची.

“विश्वास आहे,” गाळणी बाजूला ठेवून बाई म्हणाल्या. “साखर किती?”

“बाई, शुक्रवारी हे जर्मनीला पोचायला हवं. आज बुधवार.”

“मग दोन चमचे घालते. घाईत साखर लागते.”

टेबलावर कप दोन होते. तो यायच्या आधीपासून दोनच होते.

बाई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पस्तीस वर्षं होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जिन्याखालच्या त्यांच्या दोन खोल्यांची किल्ली कुणी मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही. रोज दहाला यायच्या, पाचला जायच्या. येऊन काय करता असं कुणी विचारलं तर “बसते” म्हणायच्या. आता यावर माणूस पुढे काय विचारणार?

बाहेरच्या खोलीत टेबल, कपाट आणि चहाची किटली. आतल्या खोलीला खिडकी नाही, दाराला काळा पडदा. तिथे काळ्या रंगाची एक शिसवी पेटी, आणि पेटीत भरताच्या वांग्याएवढी काचेची नळी.

ही नळी मोठी तिखट कानाची. प्रकाशाचा सगळ्यात लहान कण, ज्याचा पुढे तुकडा पडत नाही, तो फोटॉन. असा एक फोटॉन जरी तिच्या तोंडावर आला, तरी टेबलावरचा स्पीकर ‘टक्’ म्हणतो आणि यंत्रावरचा आकडा एकाने वाढतो. निदान पाहुण्यांना असंच सांगायची पद्धत आहे.

विश्वजित बाईंचा शेवटचा विद्यार्थी. निवृत्तीच्या वर्षी आला, पुढे कागदोपत्री दुसऱ्या सरांकडे गेला, पण पेटी मात्र बाईंचीच वापरायचा. पोरगा हुशार, आणि तो हुशार आहे हे त्याला बार्शीच्या शाळेपासून लोकांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात बाई तीन महिने बहिणीकडे कणकवलीला होत्या. तेवढ्यात ह्याने प्रयोग उरकला. मग वरच्या मजल्यावर बसून चार महिने लिहीत होता. जिना उतरून खाली काही आला नाही.

प्रयोग मटकीवर होता. मोड आलेली मटकी अंधारात प्रकाश देते, असं निबंध सांगत होता. डोळ्याला दिसणार नाही इतका मंद, पण देते. रिकाम्या पेटीत सेकंदाला चौदा टक्. मटकी ठेवली की एकेचाळीस.

गंमत पुढे होती. ते एकेचाळीस हळूहळू उतरत अर्ध्या तासात विसावर यायचे. यावर विश्वजितने साडेचार पानं लिहिली होती. उजेडातून आलेली मटकी आधी बावरते, मग अंधाराला सरावते आणि शांत होते, असं त्याचं म्हणणं. जर्मनीतल्या प्रयोगशाळेला ही मटकी फार आवडली होती. दोन वर्षांची जागा ठेवली होती त्यांनी. फक्त पेटी ज्यांची, त्यांची सही हवी होती.

बाईंनी निबंध उलटा सुलटा पाहिला. मग विचारलं,

“विशू, तुझी काळी वही कुठाय?”

विश्वजितने कप उचलला. फुंकर मारली. चहा तितका गरम नव्हता.

त्या खोलीची एक रीत होती. नवा विद्यार्थी आला की पहिला महिना पेटी रिकामी. आत काही ठेवायचं नाही. झाकण लावायचं आणि दर तासाला टक् मोजायचे, वेळ लिहायची, तापमान लिहायचं. गावातल्या बुकबाइंडरकडून काळ्या कापडात बांधून आणलेली वही त्यासाठी मिळायची. महिना भरला की बाई सही करायच्या आणि मगच पेटीत काहीबाही ठेवायची परवानगी. कपाटात अशा सोळा वह्या होत्या विद्यार्थ्यांच्या, आणि सगळ्यांच्या डावीकडे एक जुनी, बाईंची स्वतःची.

विश्वजितला महिनाभर असं बसवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, “बाई, काही नसताना काय मोजायचं?” बाई हसल्या होत्या. आणि राहू दे, जा म्हणाल्या होत्या.

“रिकामी पेटी मोजलीय मी,” विश्वजित आता म्हणाला. “पान तीन. दहा मिनिटं मोजली. चौदा आले.”

“दहा मिनिटं.”

“चौदा म्हणजे चौदाच ना, बाई. महिनाभर मोजले तरी चौदाच.”

“असं?”

“मटकी आणलीय मी. डबाभर. तुम्हाला दाखवतोच.”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो हाच. डबा पिशवीतून निघालासुद्धा.

“दाखव,” बाई म्हणाल्या. “उन्हाळ्यात करायचास तसंच कर. अगदी तसंच.”

त्याने तसंच केलं. टेबलावर काचेची बशी घेतली. तिच्यात पांढरा टीपकागद कापून बसवला, पाणी शिंपडलं. ट्यूबलाइटच्या उजेडात मटकीचे वीस दाणे मोजून, मोडांची तोंडं वर करून, रांगोळीचे ठिपके द्यावेत तसे मांडले. हात सफाईचा होता. बाई बघत राहिल्या. एकदा त्यांनी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं.

मग आत. पडदा ओढला, अंधार केला. बशी पेटीत गेली, झाकण बसलं, नळी चालू झाली. यंत्राचे लाल आकडे एकेचाळीस दाखवत होते.

“एकेचाळीस,” विश्वजित म्हणाला. आवाजात थोडं ‘आता बोला’ होतं.

बाईंनी आकड्यांवर फडकं टाकलं. अंधार पुरा झाला. दोघं दोन स्टुलांवर बराच वेळ नुसती ऐकत बसली.

टक्. टक् टक्. टक्... टक् टक् टक्.

तापल्या कढईत मोहरी तडतडते, तसा तो आवाज. त्यात ताल म्हणून नाही. कधी तीन एकदम, कधी उगाच एक जागा रिकामी.

“विशू, हात दे.”

त्याने अंधारात हात पुढे केला. बाईंनी तो आपल्या मनगटावर ठेवून घेतला.

“यातला तुझ्या मटकीचा टक् आला की इथे टिचकी मार.”

तो अंधारात हसला. म्हातारपणी माणूस लहान होतं, असं काहीसं त्याच्या मनात आलं. त्याने टिचकी मारली.

“हा?”

“हा.”

“आणि आत्ताचा?”

“तो... तोही.”

“आणि हा दोघांच्या मधला?”

“तो पेटीचा असेल.”

“पेटीत कोण आहे टक् करायला?”

“कुणी नाही. नळीच्या स्वतःच्या उबेने होतात काही टक्. प्रकाश नसतानाही. ते तर तुम्हीच शिकवलंय.”

“मी शिकवलंय होय. मग हा उबेचा, हा मटकीचा, हे तुला ऐकू कसं येतं? मला येत नाही, म्हणून विचारते.”

टक्. टक् टक्.

टिचकीसाठी उचललेलं बोट तसंच वर राहिलं. टक् येत होते, जात होते. बोट कुणावर टेकवावं ते त्याला समजेना.

“एकेक वेगळा ओळखायचा नसतो, बाई,” तो शेवटी म्हणाला. “सगळे सारखेच असतात. सगळे मिळून मोजायचे आणि त्यातून रिकाम्याचे वजा करायचे. मग उरतात ते मटकीचे.”

“कशाचे वजा करायचे?”

“रिकाम्याचे.”

“त्याची तुझी ओळख किती दिवसांची?”

“दहा...”

तो थांबला.

बाईंनी फडकं उचललं. लाल आकडे बाविसावर आले होते.

“शांत झाली वाटतं मटकी,” बाई म्हणाल्या.

“हो ना.” त्याला जरा धीर आला. “बघा, दर वेळी अशीच उतरते.”

“आता असं कर. मटकी काढून डब्यात टाक. बशी तीच, कागद तोच, ओला. बाहेर टेबलावर घेऊन जा. दाणे मांडायला जेवढा वेळ लावलास तेवढा वेळ तिथे ठेव. मग परत आण.”

“रिकामीच?”

“रिकामीच.”

आता नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं, हे त्याला अर्ध्या वाटेवर कळलं असावं. कारण बशी घेऊन बाहेर जाताना तो भराभर गेला, आणि परत येताना पावलं मोजत आला.

झाकण बसलं. नळी चालू झाली.

चाळीस.

विश्वजित आकड्यांकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटांनी तेहतीस. दहा मिनिटांनी सत्तावीस. मग चोवीस. मटकी बाहेर डब्यात निवांत पडली होती, आणि ती नसतानाच ती शांत होत होती.

“कागद,” तो म्हणाला.

बाईंनी पडदा सारला.

“पांढरा कागद ट्यूबलाइटचा उजेड पितो. अंधारात गेला की तो थोडा थोडा परत देत बसतो. अर्धा तास.” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. “मी पेटी रिकामी मोजली. बशी आणि कागद आत ठेवून मोजलंच नाही. साडेचार पानं लिहिली... टीपकागदावर.”

“चहा गार झाला असेल तुझा. नवा टाकते.”

“तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

“नाही. कागद ट्यूबलाइटखाली ठेवलास तेव्हा शंका आली.”

“मग तेव्हाच बोलायचं होतंत.” त्याचा आवाज चढला होता. “टिचक्या मारायला लावल्या मला. तुम्ही मनातल्या मनात हसत होतात.”

“हसत नव्हते, विशू.”

बाईंनी किटली लावली. पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“सोळा जणांना महिना महिना बसवलं. एकालाही सूट दिली नाही. एकीचं लग्न ठरलं होतं, तिलाही नाही. सतरावा आलास तू. म्हणालास, काही नसताना काय मोजायचं. मला हसू आलं. वाटलं, शेवटचं पोर आहे, गोड आहे, जाऊ दे. लाड केले तुझे.”

किटली गुणगुणायला लागली.

“तुझ्या निबंधातली चूक तुझी. पण ती माझ्या हातून झाली.”

विश्वजितला यावर भांडता येईना. भांडायला समोरचं माणूस थोडं तरी ताठ लागतं. त्याने चहा घेतला. दोन चमचे साखर होती तरी कडू लागला.

कप विसळताना मात्र त्याचं डोकं पुन्हा चालू लागलं.

“बाई, कागद आज रात्रभर पेटीतच ठेवला तर? उद्यापर्यंत घेतलेला सगळा उजेड देऊन मोकळा होईल. मग मटकी अंधारातच चाचपून मांडायची.”

“होईल.”

“आणि तरीही टक् जास्त आले, तर ती मटकीच.”

“बघू.”

“उद्या गुरुवार. शुक्रवारला एक दिवस उरतो.”

“बघू म्हटलं ना. आणि तो डबा इथेच राहू दे. तुला लागणार वीस दाणे. बाकीची मी नेते.”

गुरुवारी बाई मटकीची उसळ घेऊन आल्या. वर ओलं खोबरं. प्रयोगातलं वाया घालवू नये, असं त्यांचं मत होतं. विश्वजितचं लक्ष मात्र पेटीकडे होतं. त्याने दोन चमचे खाल्ले, चांगली झालीय म्हणाला, आणि आत गेला.

आधी नुसता कागद मोजला. चौदा. कागद खरोखर मोकळा झाला होता.

मग अंधारात दाणे मांडायचे. कालचा सफाईचा हात आज काही चालेना. दाणे बोटांना चिकटायचे, बशीऐवजी पेटीत पडायचे, एक तर थेट जमिनीवर उडाला.

“किती झाले?” बाईंनी विचारलं.

“अकरा. नाही, दहा. एक माझ्या बाहीत गेला.”

बाई अंधारात खुदकन हसल्या. मग त्यांचा हात आला, त्याच्या हातावरून चालत बशीपर्यंत पोचला. त्या हाताने पस्तीस वर्षं ह्या पेटीत न बघता काम केलं होतं. एक दाणा त्यांचा, एक त्याचा, असे वीस झाले. झाकण बसलं.

पंधरा.

“पंधरा,” विश्वजित म्हणाला. “बाई, पंधरा. कागदाचे चौदा, मटकीसकट पंधरा. एक आहे.”

“एक आहे?”

“एकच, पण आहे. निबंधातले जास्तीचे सत्तावीस नसतील, मी निबंध बदलीन. रात्री बसून बदलीन. पण एक आहे. मटकी उजेड देते, बाई.”

त्याच्या आवाजात आता हुशारी नव्हती, नुसता आनंद होता. बाईंना तो आवाज फार आवडला. तरीही त्या उठल्या, त्याला घेऊन बाहेर आल्या आणि कपाटातली डावीकडची जुनी वही काढून त्याच्यापुढे ठेवली.

“वाच. कुठलंही पान.”

त्याने उघडली. अक्षर बाईंचंच, पण तरुण. वेळ, तापमान, टक्. पेटी रिकामी. सकाळी दहा, तेरा. बारा वाजता, तेरा. दोन वाजता, चौदा. तीन वाजता, पंधरा. चार वाजता, पंधरा. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘दुपारी पश्चिमेची भिंत तापते. पेटीही तापते. अंधारातले टक् वाढतात.’

त्याने दुसरं पान उघडलं. मग तिसरं.

“कागद मोजलास तेव्हा किती वाजले होते?”

“दोन.”

“आणि मटकी?”

विश्वजितने भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती.

“तीन,” तो म्हणाला.

“मग आता सांग. तो एक मटकीचा, की भिंतीचा?”

आत स्पीकर चालूच होता. टक्. टक् टक्...

“सांगता येत नाही,” विश्वजित म्हणाला.

हे तीन शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले असतील. बार्शीच्या शाळेत तरी कुणी ऐकले नव्हते.

“असेल,” बाई म्हणाल्या. “नसेलही. महिनाभर रिकामं मोजलं, मग महिनाभर मटकी मोजली, तर कदाचित कळेल.”

“माझ्याकडे एक दिवस आहे.”

“हो.”

“बाई, ती जागा गेली तर परत मिळत नाही. घरी सगळ्यांना सांगून झालंय. आईने शेजारीपाजारी पेढे वाटलेत.”

“ठाऊक आहे. मलाही एक पेढा आला होता.”

बाईंनी पर्समधून चष्मा काढला, चष्म्यापाठोपाठ पेन काढलं. निबंध पुढे ओढला, शेवटचं पान काढलं, आणि आपल्या नावापुढच्या रिकाम्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं.

“करू सही?”

विश्वजित त्यांच्याकडे बघतच राहिला.

“तुम्ही... कराल?”

“तू कर म्हणालास तर करते. काल विचारलंस ना, विश्वास आहे का म्हणून. आहे म्हणाले मी. मग तू सांगशील तसं.”

पेन तिथेच टेकलेलं. निबाखाली शाईचा एक बारीक ठिपका पसरायला लागला होता.

खरं सांगायचं तर बाई नाही म्हणाल्या असत्या तर त्याला किती सोपं गेलं असतं. रागावता आलं असतं. म्हातारीने घात केला असं चारचौघांत सांगता आलं असतं. पण ही बाई त्याच्या तोंडाकडे बघत शांतपणे थांबली होती, आणि तिच्या हाताला जराही घाई नव्हती.

विश्वजितने हात पुढे केला आणि आपला तळवा पेनाच्या टोकाखाली सरकवला. शाईचा ठिपका त्याच्या हातावर उमटला.

“नको,” तो म्हणाला.

मग तो जिना चढून वर गेला आणि जर्मनीला चार ओळी लिहून कळवलं, की निष्कर्ष टिकत नाही, टीपकागदाची चूक माझी, निबंध पाठवत नाही. उत्तर संध्याकाळच्या आत आलं. सभ्य होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. जागा गेली ती गेलीच, तिचं पुढे काही गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्या संध्याकाळी त्याने बार्शीला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं, मग जेवलास का म्हणाली. तेव्हा तो रडला.

शुक्रवारी दहा वाजता बाई आल्या तर दाराशी विश्वजित उभा. डोळे सुजलेले. आपला एक कप हातात घेऊन आलेला.

“कप आहे इथे तुझा,” बाई म्हणाल्या आणि कुलूप काढलं.

त्यांनी कपाट उघडलं. सोळा वह्यांच्या उजवीकडे, पुठ्ठ्याच्या मागे, आणखी एक वही होती. काळ्या कापडाची, कोरी. वर चिकटवलेला कागद पिवळा पडायला लागला होता. त्यावर बाईंच्या अक्षरात ‘माळवदे वि.’ आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.

विश्वजितने ती दोन्ही हातांत घेतली. नावावरून अंगठा फिरवला.

“आण इकडे,” बाई म्हणाल्या. त्यांनी पहिलं पान उघडलं. पान अगदी कोरं होतं. त्याच्या तळाशी त्यांनी पूर्ण नावाची सही केली, खाली आजची तारीख टाकली, आणि वही त्याला परत दिली.

“बाई, सही महिना भरल्यावर करायची असते.”

“तुझी आधीच केली. जा, बस.”

तो आत गेला. बाई मागोमाग आल्या. पेटी रिकामी केली, आतून पुसली, त्याच्या बाहीतून निसटलेला दाणा पेटीच्या कोपऱ्यात सापडला तोही काढला. झाकण. पडदा. अंधार.

टक्... टक् टक्. टक्.

पहिल्या तासाला तेरा. त्याने लाल आकड्यांच्या उजेडात लिहिलं. दुसऱ्या तासाला तेरा. लिहिलं. मध्ये बाई बाहेर जाऊन चहा करून आल्या. तिसऱ्या तासाला चौदा.

आता तो घाईत नव्हता. जायचं कुठे होतं त्याला? पण बसून बसून एक प्रश्न मात्र त्याच्या मनात येऊन राहिला होता.

“बाई, एक विचारू?”

“विचार.”

“पस्तीस वर्षं तुम्ही हे ऐकताय. त्यातला खऱ्या प्रकाशाचा टक् कोणता, ते तुम्हाला तरी कळतं?”

“नाही रे.”

“कधीच?”

“एकदाही नाही.”

टक्. टक्...

“मग निवृत्त झाल्यावरही तुम्ही रोज इथे येऊन का बसता?”

अंधारात बाईंनी चाचपून त्याचा कप भरला, आणि बशीसकट त्याच्या हाताशी सरकवला.

टक् टक्... टक्.

“अरे,” त्या म्हणाल्या, “ओळखू येवो न येवो, कुणी आलंच, तर घरात कुणीतरी असावं.”